कुबाच्या अंगणातले मूल

रमजानच्या रात्री इशाच्या नमाजनंतर गावोगावच्या मशिदींत तरावीहची नमाज सुरू होते. एका इमामाच्या मागे ओळीने उभे राहून ती पढण्याची पद्धत घालून दिली ती इस्लामचे दुसरे खलिफा हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांनी. मदिनेच्या मशिदीत कुणी एकटा, कुणी चार-सहा जणांच्या गटात नमाज पढताना त्यांना दिसला आणि त्यांनी सर्वांना उबई बिन कअब (रजि.) यांच्या मागे एकत्र उभे केले. ज्या हिजरी सनाने रमजानचा महिना मोजला जातो, ती कालगणनाही त्यांनीच सुरू केली. त्यांच्या कारकिर्दीत इराणचे साम्राज्य कोसळले, रोमनांकडून सीरिया आणि मिसर गेला, जेरुसलेमने दरवाजे उघडले.

एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्यात एक दावा असा होता, जो ते हरले. समोर दुसरा राजा नव्हता. एक म्हातारी होती, आणि वाद होता एका लहान मुलाचा.

मदिनेच्या दक्षिणेला कुबा नावाची वस्ती आहे. मक्का सोडून आलेल्या प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पहिला मुक्काम इथेच केला होता. इथली मशीद इस्लामच्या इतिहासातील पहिली मशीद मानली जाते. वस्तीत अन्सारांपैकी, म्हणजे मदिनेच्या मूळ रहिवाशांपैकी, बनू अम्र बिन औफ या घराण्याचे लोक राहत. याच घराण्यातील जमीला बिन्त साबित यांच्याशी उमर यांचे लग्न झाले होते. त्यांना आसिम नावाचा मुलगा झाला. पुढे दोघांचे पटले नाही आणि तलाक झाला. जमीला यांनी दुसरे लग्न केले आणि मूल आईच्या माहेरी वाढू लागले.

पहिले खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांचा काळ होता तो, इ.स. ६३२ ते ६३४ च्या दरम्यानचा. उमर एके दिवशी कुबाला गेले. मशिदीच्या अंगणात आसिम खेळत होता. बापाने मुलाला दंडाला धरून उचलले, सवारीवर आपल्या पुढ्यात बसवले आणि ते निघाले. मुलाची आजी, जमीला यांची आई, मागून धावत आली. तिने वाट अडवली आणि मूल परत मागितले. दोघांचाही आवाज चढला. शेवटी दोघे मुलासह खलिफाच्या दारात उभे राहिले.

उमर यांनी मुलगा आपला असल्याचे सांगितले. म्हातारीनेही तेच सांगितले. अबू बक्र यांनी दोघांचे ऐकून घेतले आणि उमर यांनी मूल सोडावे, असा निवाडा दिला. आईचा स्पर्श, तिची ऊब आणि तिच्या घरची माया या वयात मुलाला बापापेक्षा अधिक गरजेची आहे, असे त्यामागचे कारण काही कथनांत नोंदवलेले आहे. त्यानंतर उमर एक शब्दही बोलले नाहीत. मूल आजीबरोबर कुबाला परत गेले.

इमाम मालिक यांनी आपल्या मुवत्ता या ग्रंथात ही घटना नोंदवून ठेवली आणि पुढच्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, मुलांच्या ताब्याचा प्रश्न आला की ती आधाराला घेतली. तिचे मोल कळायचे असेल, तर उमर कोण होते हे आधी पाहावे लागते.

वडिलांचे उंट राखणारा मुलगा

उमर यांचा जन्म मक्केत कुरैश जमातीच्या बनू अदी या शाखेत झाला. वडील खत्ताब कडक स्वभावाचे. लहानपणी उमर त्यांचे उंट चारायला नेत. कामात कसूर झाली की मार मिळे. खलिफा झाल्यावर एकदा त्याच माळावरून जाताना त्यांना ते दिवस आठवले होते. वाढत्या वयात ते उंच, दणकट, कुस्तीत तरबेज आणि लिहिता-वाचता येणारे असे झाले. मक्केत त्या काळी लिहू-वाचू शकणारे मोजकेच होते. त्यांच्या रागाला सगळे दबकून असत.

इस्लामचा संदेश आला तेव्हा उमर त्याचे कट्टर विरोधक होते. बहीण फातिमा आणि तिचे पती सईद यांनी गुपचूप इस्लाम स्वीकारल्याचे कळताच ते तिच्या घरी गेले आणि त्यांनी तिला रक्त येईपर्यंत मारले. तरीही ती मागे हटली नाही. तिचे रक्त पाहून भाऊ वरमला, त्याने कुरआनची पाने वाचायला मागितली आणि त्याच दिवशी तो प्रेषितांकडे गेला. उमर यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. राग आधी येई. पण समोरची व्यक्ती, मग ती बाई असो वा गुलाम, खरे बोलत आहे हे कळले की ते थांबत.

घरात पाहिलेले तलाक

मोडलेला संसार उमर यांनी जवळून पाहिला होता. इ.स. ६२८ मध्ये मक्केच्या कुरैशांशी हुदैबियाचा तह झाला. त्यानंतर, मूर्तिपूजक धर्मावर राहिलेल्या बायकांशी विवाहबंधन धरून ठेवू नये, अशी कुरआनची आज्ञा आली. उमर यांच्या दोन बायका मक्केतच राहिल्या होत्या. दोघींना त्यांनी मोकळे केले. पुढे त्यांची मक्केत दुसरी लग्ने झाली.

याच आज्ञेत हिशेबाचाही भाग होता. एखादी स्त्री इस्लाम स्वीकारून मदिनेला आली, तर तिच्या मक्केतल्या नवऱ्याने दिलेला मेहेर त्याला परत करायचा. मुस्लिमाची बायको मक्केकडे गेली, तर त्याने दिलेला मेहेर तिकडच्यांकडून मागायचा. मेहेर म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू. तो तिच्या हक्काचा असतो, तिच्या वडिलांचा किंवा भावाचा नव्हे. दोन्ही बाजूंत वैर होते, तरी मोडलेल्या लग्नाचा हिशेब चुकता करण्याची शिकवण होती.

दुसरा प्रसंग मुलाचा. अब्दुल्लाह बिन उमर यांनी पत्नीला तिच्या मासिक पाळीच्या दिवसांत तलाक दिला. उमर यांनी ही गोष्ट प्रेषितांना सांगितली. प्रेषित नाराज झाले. त्यांनी अब्दुल्लाहना पत्नीला परत घ्यायला सांगितले. ती पाळीतून मुक्त होऊ दे, पुन्हा पाळी येऊन जाऊ दे, त्यानंतरही वेगळे व्हायचे असेल तर तिला स्पर्श करण्याआधी काय तो निर्णय घे, असा तो आदेश होता. एवढ्या दिवसांत राग निवतो, मूल पोटात आहे का हे कळते आणि घरच्यांना समजूत घालायला वेळ मिळतो. तलाकनंतरच्या इद्दतीचा, म्हणजे थांबण्याच्या कालावधीचाही अर्थ हाच आहे. साधारण तीन पाळ्यांचा हा काळ. स्त्री गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंतचा.

कुबाला जाऊन मुलाला सवारीवर बसवणारे उमर हे सगळे पाहिलेले उमर होते. तरीही स्वतःचे मूल समोर दिसल्यावर त्यांचा हात पुढे गेला. बापाची माया ती. खलिफाने त्या मायेला दोष दिला नाही. फक्त मुलाचे हित कुठे आहे ते दाखवले.

आई की आजी?

काही कथनांत त्या दिवशी आई स्वतः आली होती असे आहे, तर काहींत आजी आली होती असे. जमीला यांनी दुसरे लग्न केलेले असल्याने मुलाचा ताबा आजीकडे दिला गेला, अशीही नोंद सापडते. पुढे शास्त्रात हाच क्रम रूढ झाला. लहान मुलाला सांभाळण्याचा पहिला हक्क आईचा. तिने परक्या पुरुषाशी लग्न केले, तर हा हक्क आईच्या आईकडे जातो.

या सांभाळण्याला हिजानत म्हणतात. बापाकडे विलायत असते, म्हणजे मुलाची मालमत्ता, शिक्षण आणि लग्न यांची जबाबदारी. मूल आईजवळ असले तरी त्याचा खर्च बापाने द्यायचा, हे कुरआननेच सांगितले आहे. दूध पाजणाऱ्या आईचा खर्चही बापावरच. आईला मुलामुळे त्रास होऊ नये आणि बापालाही मुलामुळे त्रास होऊ नये, असा दुहेरी दंडक तिथे आहे. ताबा किती वर्षांपर्यंत, यावर मतभेद आहेत. हनफी मताप्रमाणे मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. शाफई मताप्रमाणे समज आलेल्या मुलाला आई-बापांपैकी निवड करू देतात. महाराष्ट्रात देशावरचे बहुतेक मुस्लिम हनफी, तर कोकणातले बरेचसे शाफई, त्यामुळे दोन्ही मते इथे ओळखीची आहेत.

खलिफा झाल्यावर

इ.स. ६३४ मध्ये अबू बक्र यांचे निधन झाले आणि उमर खलिफा झाले. आता न्याय देणारे तेच होते. त्यांच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत घर मोडलेल्या बायकांचे प्रश्न वारंवार त्यांच्यापुढे आले.

पहिला प्रश्न निवाऱ्याचा. शेवटचा तलाक मिळालेल्या बाईला इद्दतीत घर आणि खर्च मिळावा का? फातिमा बिन्त कैस या प्रतिष्ठित स्त्रीचे म्हणणे होते, की तिला असा तलाक मिळाला तेव्हा प्रेषितांनी खर्च देवविला नव्हता आणि दुसऱ्याच्या घरी राहायला सांगितले होते. उमर यांनी हा नियम सर्वांना लावायला नकार दिला. तिला नीट आठवते आहे की ती विसरली, याची खात्री नसताना, बायकांना घराबाहेर काढू नका असे सांगणारा कुरआन बाजूला ठेवता येणार नाही, असे त्यांचे मत होते. फातिमा अखेरपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. हनफी पंथाने मात्र उमर यांचा निर्णय मानला. त्या मताप्रमाणे इद्दत संपेपर्यंत घर आणि पोटगी दोन्ही नवऱ्याने द्यायची.

दुसरा प्रश्न मेहेरचा. मोठमोठ्या रकमांचा मेहेर ठरवण्याची चढाओढ लागली होती. उमर यांनी मिंबरवरून त्याला मर्यादा घालण्याची घोषणा केली. तेव्हा एका स्त्रीने उठून विरोध केला, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पत्नीला सोन्याचा ढीग दिला असेल तरी तलाक देताना त्यातले काही परत घेऊ नका, असे कुरआन सांगतो. मग ही मर्यादा कशी, असा तिचा प्रश्न होता. उमर यांनी चूक कबूल करून घोषणा मागे घेतली. या कथेच्या सनदीबद्दल हदीसच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मेहेरचा अतिरेक करू नये, हा त्यांचा उपदेश मात्र विश्वासार्ह मानला जातो. तलाक झाला की दिलेल्या वस्तूंची यादी काढून त्या परत मागणाऱ्यांना ही कथा आजही ऐकवावी लागते. इस्लामी कायद्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही. तिचा मेहेर, तिच्या माहेरची भांडीकुंडी आणि दागिने, तिची कमाई, तिला मिळालेला वारसा हे तिचेच राहते.

तिसरा प्रश्न दूर गेलेल्या नवऱ्यांचा. इराक आणि सीरियाच्या मोहिमांवर हजारो पुरुष वर्षानुवर्षे घराबाहेर होते. उमर यांनी सेनापतींना लिहून कळवले, की अशा पुरुषांनी एक तर घरी खर्च पाठवावा, नाहीतर बायकोला मोकळे करावे. मोकळे करायचे असेल तर मधल्या काळात थकलेला खर्चही पाठवावा. पोटगीची थकबाकी हे कर्ज आहे, तलाकने ते फिटत नाही, हा विचार या आदेशात आहे.

चौथा प्रसंग मालमत्तेच्या चलाखीचा. ताइफच्या सकीफ जमातीतील गैलान नावाच्या श्रीमंत माणसाने आपल्या बायकांना तलाक दिला आणि सगळी संपत्ती मुलांत वाटून टाकली. उमर यांनी त्याला बोलावून घेतले. मरण जवळ आल्याची शंका येऊन बायकांचा वारसाहक्क बुडवण्यासाठी हे केले आहे, हे त्यांनी ओळखले. बायकांना परत घे आणि वाटलेली संपत्ती परत कर, नाहीतर त्यांना मीच वारस ठरवीन आणि तुझ्या कबरीवर दगड मारायला लावीन, असा सज्जड दम त्यांनी भरला.

एक निर्णय, ज्याची किंमत मोठी होती

उमर यांचा एक निर्णय मात्र वादाचा ठरला. प्रेषितांच्या काळात, अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत एका बैठकीत दिलेले तीन तलाक एकच मानले जात, असे सहीह मुस्लिम या हदीस संग्रहात आहे. लोक घाईने तीन-तीन तलाक देऊ लागले, तेव्हा उमर यांनी ते तीनच धरायचे ठरवले. विचार करायला दिलेली सवड लोक वापरत नाहीत, मग त्यांनी परिणाम भोगावेत, असा त्यामागचा विचार होता. असा तलाक देणाऱ्यांना ते फटकेही मारत, अशी नोंद आहे.

शिक्षा पुरुषांना द्यायची होती. पुढच्या शतकांत फटके राहिले नाहीत, निर्णय तेवढा राहिला, आणि त्याचा भार बायकांवर पडला. मूळ पद्धतीकडे परत जावे असे म्हणणारे विद्वान पूर्वीही होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तात्काळ तीन तलाक अवैध ठरवला आणि २०१९ मध्ये त्यावर कायदा झाला.

उमर यांच्या दुसऱ्या एका निर्णयाने भारतातल्या बायकांना आधारही दिला. नवरा बेपत्ता असेल तर बायकोने चार वर्षे थांबावे, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी आणि ती लग्नाला मोकळी, असा निवाडा त्यांनी दिला होता. हनफी परंपरेत यापेक्षा फार लांब वाट पाहावी लागे आणि कित्येक बायका आयुष्यभर अडकून पडत. विसाव्या शतकात मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या उलेमांनी या बाबतीत मालिकी मत स्वीकारले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात ते आले. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे आणि दोन वर्षे पोटगी न देणे ही पत्नीला विवाह मोडून घेण्याची कारणे झाली. आज जिल्ह्याच्या न्यायालयात या कलमाखाली अर्ज करणाऱ्या बाईला बहुधा ठाऊकही नसते, की त्यातल्या चार वर्षांचा माग मदिनेपर्यंत जातो.

आसिमचे पुढे काय झाले

आसिम आजोळी वाढला, मोठा झाला. आई दुसऱ्या घरी गेली, पहिली वर्षे आजीजवळ गेली, म्हणून बाप परका झाला नाही. उमर खलिफा असताना रात्री वेश पालटून मदिनेत फिरत. एका रात्री एका घराच्या भिंतीला टेकून ते थांबले होते. आत एक बाई मुलीला दुधात पाणी घालायला सांगत होती. खलिफाने मनाई केली आहे, असे मुलगी म्हणाली. खलिफा इथे पाहायला आहे का, असे आईने विचारले. खलिफा नसला तरी अल्लाह पाहतो आहे, म्हणून मुलीने ठाम नकार दिला. उमर यांनी घरी येऊन मुलांना गोळा केले आणि त्या मुलीला सून करून घेतले. नवरा झाला तो आसिम.

आसिमच्या मुलीच्या पोटी जो मुलगा जन्मला, त्याचेही नाव उमर ठेवले गेले. उमर बिन अब्दुल अजीज इ.स. ७१७ मध्ये खलिफा झाले. पणजोबांची आठवण करून देणारा न्यायी राजा म्हणून इतिहास त्यांना ओळखतो.

हजरत उमर यांच्यावर इ.स. ६४४ मध्ये फजरच्या नमाजमध्ये खंजिराचे वार झाले. शेवटच्या घडीला त्यांनी मुलाला आपल्यावर किती कर्ज आहे ते मोजायला सांगितले आणि ते घरच्या संपत्तीतून फेडण्याची ताकीद दिली. खैबरची आपली जमीन त्यांनी आधीच वक्फ केली होती आणि तिची देखरेख मुलगी हफ्सा यांच्याकडे सोपवली होती. हिशेब दुसऱ्यांचा असो वा स्वतःचा, तो अर्धवट ठेवायचा नाही, ही त्यांची सवय अखेरपर्यंत टिकली.

रमजान हा हिशेबाचा महिना मानला जातो. जकात मोजली जाते, फितरा काढला जातो, रुसलेली नाती जोडली जातात. मोडलेल्या घरांचेही काही देणे बाकी असते: कुणाचा मेहेर, कुणाची थकलेली पोटगी, कुणाच्या कपाटात अडकलेले दागिने, कुणाचे दर रविवारी दाराकडे डोळे लावून बसणारे मूल. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात असे मूल कधी एका हाताने ओढले जाते, कधी दुसऱ्या. ते कुठल्याही धर्माचे असो, न्यायाधीश आधी त्याचे हित पाहतात. कुबाच्या त्या वादात अबू बक्र यांनीही तेच पाहिले होते. आणि ज्यांच्यापुढे कुणाची बोलायची छाती होत नसे, त्या उमर यांनी आपल्या मुलाच्या दंडावरचा हात काढून घेतला होता.